चित्र आणि त्याचा कथेकरी

चित्र ही पाहावयाची वस्तु आहे, ही गोष्ट इतकी उघड वाटते कीं तिचा कोणी विचारहि करीत नाहीं. शहरांतल्या घरांत चित्र चौकटींत बसतें, भिंतीवर चढतें आणि आल्यागेल्यानें आपल्याकडे क्षणभर पाहावें एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु दक्षिण कोंकणांत अशीं चित्रें आहेत कीं जीं पाहून संपत नाहींत. तीं ऐकावीं लागतात. मालवणच्या किनाऱ्याकडून आंत कुडाळला आलें म्हणजे मुंबई-गोवा रस्त्याच्या बाजूस पिंगुळी नांवाचें गांव आहे. त्या गांवच्या गुढीपूर वाडींत ठाकर आदिवासींची वस्ती आहे. या वस्तींतील घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या संभाळलेली कला म्हणजे चित्रकथी. हें नांव कलेचेंहि आहे आणि ती दाखविणाऱ्याचेंहि. चित्र, कथा आणि माणूस अशीं तिन्ही एकाच शब्दांत नांदतात, आणि त्यांतील एक बाजूला काढलें तर उरलेलीं दोन पांगळीं होतात. हें कसें होतें तें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण आज त्या तिघांची फारकत होण्याचा प्रसंग आला आहे.

चित्रकथ्याजवळ चित्रांचा जो संच असतो त्याला पोथी म्हणतात. एका पोथींत एक आख्यान. सुमारें दीड फूट लांब व एक फूट रुंद अशा कागदांवर चित्रें रंगवून दोन दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवितात. त्यामुळें कागदाला बळकटी येते, आणि एका बाजूचा प्रसंग आटोपला कीं कागद उलटून पुढचा प्रसंग तत्काळ समोर आणतां येतो. एका आख्यानाला साधारणपणें तीस ते पन्नास चित्रें लागतात. पहिला मान गणपति आणि सरस्वती यांच्या चित्रांचा. त्यांचें स्तवन झाल्यावांचून कथेला आरंभ होत नाहीं. रात्रीं देवळांत श्रोते जमले म्हणजे कथेकरी पोथी पुढ्यांत टेकवून बसतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक नांवाचें डमरूच्या जातीचें लहान वाद्य, एवढाच साज. कथेकरी कांहीं भाग गातो, कांहीं बोलून सांगतो, पात्रागणिक आवाज पालटतो. आणि योग्य क्षण आला कीं एक चित्र मागें जातें व दुसरें पुढें येतें. तो क्षण साधणें हेंच मोठें कसब आहे. पान लवकर उलटलें तर पुढची गोष्ट आधींच फुटते. उशिरां उलटलें तर कथा चित्राला मागें टाकून धांवते.

हींच चित्रें एकेकटीं हातांत घेऊन पाहिलीं तर प्रथम तीं कांहींशीं अपुरीं वाटतात. चेहरे बहुतेक एका बाजूनें दिसणारे, डोळे मोठे व टपोरे, नाक तीक्ष्ण, रेषा ठसठशीत, रंग सपाट. मागें डोंगर नाहीं, आकाश नाहीं, छायाप्रकाशाचा खेळ नाहीं. दोन पक्ष समोरासमोर उभे आणि मध्यें मोकळा कागद. चित्रशाळेंत शिकलेल्या दृष्टीला हा उणेपणा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं पक्का हिशेब आहे. चित्र दिव्याच्या मंद उजेडांत बसलेल्या समुदायाला दुरून दिसावयाचें असतें, तेव्हां बारीक तपशिलाचा उपयोग नाहीं. शिवाय अरण्य, नगर, समुद्र हें सारें कथेकऱ्याच्या तोंडून यावयाचें असतें. चित्रांतील तीच आकृति एका क्षणीं विनवणी करते आणि दुसऱ्या क्षणीं शाप देते. तो फरक रंगानें होत नाहीं, शब्दानें होतो. मोकळा ठेवलेला कागद हा कथेकऱ्याच्या वाणीसाठीं राखलेला पाट आहे, असें म्हटलें तरी चालेल. हेच ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळहि करतात. पडद्यामागच्या त्या बाहुल्या आणि पोथींतील आकृति यांचें साम्य चटकन् डोळ्यांत भरतें.

चित्र दाखवून कथा सांगण्याची रीति फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख येतो. बंगालचे पटुवे, राजस्थानांत फडीपुढें गाणारे भोपे, जावा बेटांत गुंडाळीचीं चित्रें उलगडीत ‘वायांग बेबेर’ सांगणारे कथेकरी, हे सगळे याच कुळांतले. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभला होता, आणि त्या आश्रयाचें स्वरूप विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. कोणत्या घराण्यानें कोणत्या गांवच्या देवळांत कथा लावावी हें वांटून दिलेलें असे. उत्सवाच्या दिवसांत त्या देवळीं तो मान त्याच घराण्याचा. कथा सांगून पोट भरत असे हें खरें. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं कथा सांगणें हा हक्क होता, आणि हक्काबरोबर येणारें कर्तव्यहि होतें. ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या देवापुढें पोथी उघडलीच पाहिजे, असा तो बांधिलकीचा व्यवहार होता.

पोथींतील आख्यानें बहुशः रामायण-महाभारतांतलीं व पुराणांतलीं असतात: सीताशुद्धि, इंद्रजितवध, जालंधरवध, द्रौपदीस्वयंवर इत्यादि. तीं तोंडोतोंडीं चालत आलेलीं असल्यामुळें संस्कृत ग्रंथांहून ठिकठिकाणीं निराळीं वळणें घेतात, आणि हीं वळणें कोणत्याहि छापील पुस्तकांत सांपडत नाहींत. घराण्याच्या स्मरणांत तीं असतात आणि चित्रांच्या क्रमांत त्यांची खूण असते. तेव्हां पोथी हें एका परीनें घराण्याचें दप्तरच होय. चित्र असें दप्तराचें काम करूं शकतें काय, आणि केलें तर तें कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न एकट्या पिंगुळीचा नाहीं. जगांतील अनेक आदिवासी समाजांच्या चित्रांत तो पुन्हां पुन्हां उभा राहतो. विशेषतः ज्या चित्रांचा उगम सृष्टि कशी झाली या कथेंत आहे, तेथें तर तो फार तीव्र होतो.

सृष्टीची कथा आणि राहती भूमि यांचें नातें कोंकणी माणसाला समजावून देण्याची गरज नाहीं. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला आणि ही किनारपट्टी वर आली, ही गोष्ट येथल्या लहान मुलालाहि ठाऊक असते. कोंकणाला परशुरामक्षेत्र म्हणतात तें त्यामुळेंच. आपली भूमि कशी झाली हें जो सांगतो, तो त्या भूमीशीं असलेलें आपलें नातेंहि सांगत असतो. महाराष्ट्राच्या उत्तर टोंकाला, डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजांत हें नातें भिंतीवर उतरतें. लग्नाच्या वेळीं घराच्या आंतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात आणि त्यांत पालघट देवीची स्थापना होते. चौक सवाशिणींनीं लिहावयाचा, आणि धवलेरीनें लग्नाचीं गाणीं गावयाचीं, अशी परंपरा. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनीं तेथील लोकांच्या हातीं कागद दिला. जिव्या सोमा म्हसे यांनीं त्या कागदावर असामान्य चित्रें काढलीं. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते निवर्तले. वारली चित्र जगभर गेलें. तें जातांना भिंतीवरून कागदावर आलें, सवाशिणींच्या हातून पुरुषांच्याहि हातीं आलें. गाणें मात्र भिंतीपाशींच राहिलें.

नेमक्या त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं असलेल्या वाळवंटांत हाच प्रसंग घडत होता. तेथील मूळ रहिवाशांची श्रद्धा अशी कीं आरंभीं पूर्वज भूमींतून वर आले; कोणी माणसाच्या, कोणी सापाच्या, कोणी मुंगीच्या रूपानें. ते चालले, भांडले, निजले. आणि जेथें जेथें त्यांचा स्पर्श झाला तेथें टेंकडी, पाणवठा, खडक निर्माण झाला. वार्लपिरी जमात या सर्वाला ‘जुकुर्पा’ म्हणते. इंग्रजींत त्यासाठीं स्वप्न या अर्थाचा शब्द रूढ झाला; परंतु त्यांच्या दृष्टीनें ही गोष्ट स्वप्नवत् नाहीं आणि सरून गेलेलीहि नाहीं. गाण्यांत व नाचांत ती आजहि चालू आहे. या कथांच्या खुणा वाळूवर, अंगावर, खडकावर काढण्याची तेथें प्राचीन रीति आहे. एकांत एक काढलेलीं वर्तुळें म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. मुक्कामांना जोडणारी रेषा म्हणजे वाट. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे वाळूंत बसलेला माणूस. ज्याला कथा ठाऊक त्याला हा नकाशाच होय. ज्याला ठाऊक नाहीं त्याला ती निव्वळ नक्षी.

१९७१ सालीं पापुन्या येथील शाळेंत जेफ्री बार्डन नांवाचा चित्रकलेचा शिक्षक आला. त्याच्या उत्तेजनानें तेथील वडीलधाऱ्या मंडळींनीं शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांच्या पूर्वजाची कथा रंगविली, आणि पुढें फळ्यांवर रंगकाम सुरू केलें. १९७२ सालीं या चित्रकारांनीं ‘पापुन्या तुला’ ही स्वतःची संस्था स्थापिली. पहिल्या फळ्यांवर कांहीं गुप्त विधींच्या खुणा उघडपणें आल्या होत्या. इतर गटांच्या वडीलधाऱ्यांनीं त्याला हरकत घेतली. कारण ज्या गोष्टी दीक्षा झालेल्यांनींच पाहावयाच्या, त्या बाजारांत मांडल्या गेल्या. मग चित्रकारांनीं तशा खुणा वगळल्या किंवा ठिपक्यांच्या दाट पडद्याआड झांकल्या. आज ज्या ठिपक्यांची शोभा म्हणून वाखाणणी होते, त्यांचें एक काम झांकण्याचें होतें. हीं चित्रें कोणी काढावीं याचाहि तेथें कडक नियम आहे. वार्लपिरी समाजांत पित्याच्या बाजूनें ज्यांना कथेचा वारसा येतो ते ‘किर्दा’, आणि आईच्या बाजूनें जे तिच्याशीं बांधलेले ते ‘कुर्दुंगुर्लु’. पहिल्यांनीं कथा चालवावयाची आणि दुसऱ्यांनीं ती बिनचूक चालते कीं नाहीं हें पाहावयाचें. म्हणजे वहिवाटदार आणि राखणदार अशी ही जोडी आहे.

असें चित्र प्रसंगीं जमिनीचा दाखला म्हणून पुढें येतें. उत्तर ऑस्ट्रेलियांतील यिर्काला येथील योल्ङु लोकांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठीं देण्याचें ठरलें तेव्हां, १९६३ सालीं, त्यांनीं झाडाच्या सालीवर अर्ज चिकटविले, त्यांच्याभोंवतीं आपल्या कुळांच्या आकृति रंगविल्या आणि ते पार्लमेंटकडे धाडले. १९७१ सालीं न्यायालयानें त्यांचा दावा फेटाळला. तरी १९७६ सालीं त्या प्रदेशापुरता मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काचा कायदा झाला. समुद्राच्या बाबतींतहि असेंच घडलें. १९९६ सालीं ब्लू मड बे या उपसागराजवळ एका पवित्र स्थळीं चोरट्या मासेमारांनीं मगरीचें तोडलेलें मुंडकें टाकलेलें आढळलें. मगर ही तेथील कुळाची पूर्वज. यावर योल्ङु चित्रकारांनीं सालीवर ऐंशी चित्रें काढून कोणतें पाणी कोणत्या कुळाचें हें जगापुढें मांडलें. पुढें २००८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें निर्णय दिला कीं मूळ रहिवाशांच्या जमिनीलगत भरतीओहोटीच्या पट्ट्यांत शिरण्याचा अधिकार केवळ सरकारी मासेमारीच्या परवान्यानें मिळत नाहीं. रापण ओढणाऱ्या मालवणी माणसाला या निर्णयाचें मोल सांगावयास नको. १९९४ सालच्या दुसऱ्या एका खटल्यांत, अशा चित्रांच्या आकृति बिनपरवाना उचलून गालिच्यांवर विणणाऱ्यांना न्यायालयानें दोषी धरलें. चित्रकाराची झालेली हानि पैशापुरती नसून, आपल्या समाजांत त्याला सोसावी लागणारी मानहानिहि तींत येते, हें त्या न्यायालयानें मान्य केलें.

पिंगुळीची पोथी आणि सालीवरचें चित्र यांत अर्थातच मोठें अंतर आहे. पोथींत गुप्त असें कांहीं नाहीं. ती गांवासमोर उघडावयाचीच असते. परंतु चित्राला सांगणारा हवा, आणि सांगणाऱ्याला हक्क हवा, या दोन गोष्टी दोन्हींकडे समान आहेत. कोंकणांत त्या हक्काचा आधारच निखळला. १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबारचा आश्रय संपला. पुढें सिनेमा आला, दूरदर्शन आलें, आणि देवळांतील रात्रींचे श्रोते पांगले. पोथ्या माळ्यावर गेल्या, कांहीं विकल्या गेल्या. सुटे कागद असल्यामुळें पोथी फोडणें सोपें होतें. एक पान एका संग्राहकाकडे, दुसरें दुसऱ्याकडे. अशाच जातीचीं जीं चित्रें पैठणच्या बाजूस मिळालीं त्यांना अभ्यासकांनीं पैठणचीं चित्रें असें नांव दिलें. पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयांत तीं आहेत, परदेशच्या संग्रहालयांतहि आहेत. तेथें तीं सुरक्षित आहेत. पण तेथें तीं मुकीं आहेत. वॅलेंटिना श्टाखे-रोझेन या विदुषीनें १९८४ सालीं पिंगुळीच्या चित्रांतील कथाकथनावर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला, तो याच कारणामुळें महत्त्वाचा.

पिंगुळींतच या कलेला पुन्हां उभारी देण्याचें काम परशुराम विश्राम गंगावणे यांनीं केलें. घरचा गुरांचा गोठा झाडून सारवून त्यांनीं २००६ सालीं तेथें ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हें संग्रहालय उघडलें. जुन्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, वाद्यें हीं तेथें मांडलेलीं आहेत, आणि खेळहि करून दाखविले जातात. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यांतून सन्मानापर्यंतची ही वाट कौतुकास्पद खरीच. परंतु त्यांतील मुख्य मुद्दा असा कीं चित्रें कांचेआड ठेवून त्यांचें समाधान झालें नाहीं. चित्रापुढें बसून कथा सांगणारा माणूस तयार झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह राहिला.

हा आग्रह किती रास्त आहे याचा पुरावा पिंगुळीहून फार दूर नाहीं. मालवण तालुक्यांत कुडोपी नांवाचें गांव आहे. तेथील सड्यावर जांभ्या दगडांत कोरलेल्या आकृति पसरलेल्या आहेत. मानवी आकृति आहेत, प्राणी आहेत, आणि कशाच्या म्हणाव्यात तें कळूं नये अशा खुणाहि आहेत. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादींत कोंकणांतील जीं खोदचित्रें घेतलीं गेलीं, त्यांत कुडोपीचीं आहेत. ज्यांनीं तीं कोरलीं त्यांच्याजवळ खचित कांहीं कथा होती. कदाचित् ही भूमि कशी झाली याचीच असेल. जांभा टिकला, रेषा टिकली, हजारों पावसाळे त्यांवरून गेले. पण सांगणाऱ्यांची सांखळी कोठेंतरी तुटली, आणि आज त्या सड्यावर उभा राहून कोणताहि विद्वान फार तर तर्क करूं शकतो. कुडोपीला चित्र आहे आणि कथेकरी नाहीं. पिंगुळीला आज दोन्ही आहेत. पिंगुळीचें उद्यां काय होईल, हें पुष्कळसें चित्र विकत घेणाऱ्यांच्या हातीं आहे.

कारण चित्रकथीचें नवें गिऱ्हाईक म्हणजे शहरांतील सुशिक्षित घर. तें पोथी घेत नाहीं, एक चित्र घेतें. आणि चित्रकारालाहि मग एक सुटें, शोभिवंत चित्र काढणें परवडतें. यांत दोष कोणाचाच नाहीं. चित्र विकलें गेलें तर चूल पेटते, आणि चूल पेटली तरच कला राहते. परंतु या व्यवहारांत कथेची किंमत कोठेंच धरलेली नसते, आणि ज्याची किंमत धरली जात नाहीं तें शिकण्याचा खटाटोप पुढची पिढी कां करील? ऑस्ट्रेलियांतील चित्रकारांच्या संस्थांनीं यावर एक साधा उपाय योजिला आहे. तेथें विकल्या जाणाऱ्या चित्राबरोबर एक दाखला मिळतो. चित्र कोणाचें, कोणत्या स्थळाचें आणि कथेचें, हें त्यांत लिहिलेलें असतें. तीच रीति येथें पाळणें अशक्य नाहीं. चित्र घेणाऱ्यानें एवढें विचारावें: हें कोणत्या आख्यानांतलें? याच्या आधींचें चित्र कोणतें आणि नंतरचें कोणतें? या प्रसंगीं काय गातात? शक्य असेल तर चित्राच्या किमतींत कथेचीहि बिदागी घालावी आणि ती तेथेंच बसून ऐकावी. घरीं नेलेल्या त्या चित्राकडे बोट दाखवून एखाद्या मुलानें हा कोण म्हणून विचारलें, तर त्याला सांगण्यासारखें कांहीं त्या घरांत असेल. आणि सांगणारा कोणी विचारतो आहे हें कळल्यानें पिंगुळींतील एखादा मुलगा रंगाच्या वाटीबरोबर वीणाहि हातीं घेईल.